कोठ्यातला कारखाना

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पहिल्या दिवशी खरे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी लेकरांचे लाकडी नंदी. चार चाकांवर उभा केलेला बैल, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड आणि ओढायला सुतळी. नागपूर-गोंदियाकडच्या वाचकांना हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडे वाढलेल्या मुलांनी कदाचित तो पाहिला नसेल.

तीन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याच्या चार दिवस आधी माझ्या मुलाच्या नंदीचं पुढचं चाक निखळलं. नंदी मूळचा माझा, माझ्या लहानपणचा. घरात हातोडा होता, खिळे होते. मी चाक जागेवर धरलं आणि खिळा ठोकला. दोन घावांत बैलाचा पाय उभा चिरला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. शाळेत गणित शिकवणाऱ्या आपल्या पप्पांना एक खिळा ठोकता येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही दोघं किरनापुरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्री काकांकडे गेलो. त्यांनी चिरलेला पाय चिकटवून सुतळीने घट्ट बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यात आधी बारीक भोक पाडलं, मग चाक बसवलं. म्हणाले, "वाळलेलं लाकूड आहे सर. आधी वाट करून द्या लागते, मंग खिळा जाते." पैसे घेतले नाहीत. घरी येताना मी ठरवलं, आपण हे काम शिकायचं आणि घरी एक छोटा कारखाना उभा करायचा.

तुमच्यापैकी अनेकांनी असं काही ना काही ठरवलं असेल. मग पुढे जे होतं तेच माझंही झालं. मी महिनाभर मोबाइलवर लाकूडकामाचे व्हिडिओ बघितले आणि एक यादी केली. टेबल सॉ, प्लेनर, राउटर, धूळ ओढायचं यंत्र. बेरीज सत्तर हजारांच्या वर गेली. यादी बायकोला दाखवली. ती शांतपणे म्हणाली, "दहा हजार. त्याच्यावर एक रुपया नाही. आणि वायरिंग आधी नीट कर."

खरी अडचण पैशांची नव्हती, बाबांची होती. बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ सपरीत खुर्ची टाकून बसतात. माझा बेत ऐकून म्हणाले, "दोन पिढ्या मास्तरकी केली. आता रंधा मारणार? लोक काय म्हणतील?" मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आतून तेच वाटत होतं. म्हणूनच मी जागा निवडली ती घरामागची, रस्त्यावरून न दिसणारी.

ती जागा म्हणजे आमचा जुना कोठा. गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. जनावरं कधीच गेली होती. आठ फूट बाय अकरा फूट, वर कवेलू, खाली माती. दोन रविवार साफसफाई केली, घरामागे पडलेल्या जुन्या विटा खाली अंथरल्या, दोन कवेलू बदलले आणि पूर्वेच्या भिंतीतली बुजवलेली खिडकी उघडली. लाकडावरची रेघ दिसायला उजेड लागतो, आणि उजेड फुकट आहे.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग मी चूक केली.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की कमी पैशांत काम सुरू करायचं तर एक ग्राइंडर घ्या, त्याला लाकूड कापायची दातेरी चकती लावा, एकाच यंत्रात सगळी कामं होतील. मी १,७०० रुपयांचा चार इंची ग्राइंडर आणि ३५० रुपयांची चकती आणली. चकती बसवताना लोखंडी आडोसा मधे येत होता, म्हणून तो काढून ठेवला. आता हे लिहितानाही अंगावर काटा येतो. ग्राइंडर मुळात लोखंड घासायला असतो. तो मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. घासायची चकती लोखंडावरून सरकत जाते, पण लाकडाच्या चकतीला दात असतात. एखाद्या गाठीत दात अडकला की चकती थांबते आणि तिचा सगळा जोर यंत्राला उलटा फेकतो.

तसंच झालं. फळीत गाठ होती. ग्राइंडर माझ्या हातातून उडाला, डाव्या अंगठ्याला चाटून गेला आणि भिंतीवर आपटून खाली पडला. मुलगा तिथून हातभर अंतरावर उभा होता. अंगठ्याला तीन टाके पडले. मुलाला काहीच लागलं नाही, पण त्या दिवसापासून त्याने कोठ्यात पाऊल टाकणं बंद केलं. रात्री झोपेत दचकायचा. बायको मला एक शब्द बोलली नाही, आणि तेच सगळ्यात कठीण होतं. बाबा एवढंच म्हणाले, "ज्याचं काम त्यानं करावं."

दोन महिने कोठ्याला कुलूप होतं.

टाके सुकल्यावर मी पुन्हा मिस्त्री काकांकडे गेलो. त्यांनी अंगठा बघितला, मग आपला उजवा हात पुढे केला. तर्जनीचं टोक नव्हतं. "आरा मशीनवर गेलं, बावीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. मग विचारलं, "यंत्र कायले घेतलं सर? कोणतं काम अडलं होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काहीच अडलं नव्हतं, कारण मी काही करायलाच घेतलं नव्हतं. मी कामाआधी अवजार आणलं होतं. तेव्हापासून आमच्या कारखान्याचा एकच नियम आहे. काम अडल्याशिवाय अवजार घ्यायचं नाही.

मी काकांना म्हणालो, मला शिकवा. ते हसले. "तुम्ही हौसेनं कराल, माझं तर पोट आहे." त्यांचं बरोबर होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा हा धंदा सोडून शहरात नोकरीला गेला होता. मी म्हटलं, फुकट नको, अर्ध्या दिवसाची जी मजुरी असेल ती घ्या. तीनशे रुपये ठरले. तीन रविवार.

पहिले दोन रविवार त्यांनी मला एकही फळी कापू दिली नाही. फक्त धार. पटाशीची सपाट बाजू आधी दगडावर आरशासारखी करायची. मग उतरती बाजू साधारण पंचवीस-तीस अंशांत धरून पाण्याने भिजवलेल्या दगडावर घासायची. घासता घासता पाठीमागे एक अगदी बारीक कड उलटते, ती बोटाला जाणवते. ती आली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. मग पाठ दगडावर पूर्ण टेकवून ती कड काढायची. धार झाली की नाही ते पाहायला आंब्याच्या मऊ फळीचं डोकं, म्हणजे जिथे रेषांची टोकं दिसतात ती बाजू, तासून बघायची. तिथे कापल्यासारखं गुळगुळीत निघालं तर धार, भुसा निघाला तर नाही. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त हात कापते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोरात हात निसटतो. दीडशे रुपयांची पटाशी नीट धार लावली तर महागड्या पण बोथट पटाशीपेक्षा सरस चालते. कमी पैशांतल्या कारखान्याचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

तिसऱ्या रविवारी बाकडं, म्हणजे ज्यावर काम करायचं ते टेबल. गावात एक जुनं घर पाडलं होतं. त्याच्या सरईच्या दोन चौकटी आणि काही फळ्या मला १,४०० रुपयांना मिळाल्या, वर २६० रुपयांचे बोल्ट. सरई म्हणजे साल. जुनी झाली की दगडासारखी होते, करवतीचे दात रडवते, पण बाकडं जड आणि न हलणारं हवं असतं. वर रंधा मारताना बाकडं डुगडुगलं तर अर्धा जोर वाया जातो. मी पाय कापून चौकट जुळवली आणि अभिमानाने दाखवली. काकांनी एक सुतळी घेतली, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापांत बोटभर फरक. चौकोनाचे कर्ण सारखे नाहीत म्हणजे चौकोन काटकोनी नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. सुतळीने ते पहिल्यांदा समजलं. आता माझ्या वर्गात सुतळी असते.

लाकडाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आमच्या बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाचा आहे. साग, सरई, बिजा, साजा यांत आम्ही राहतो. त्यामुळे मी कारखाना काढतोय हे कळल्यावर दोघा-तिघांनी स्वस्तात साग आणून देतो म्हणून हळूच विचारलं. असं लाकूड घ्यायचं नाही. एक तर तो गुन्हा आहे, आणि ते लाकूड ओलं असतं. ओलं लाकूड वाळताना आकसतं, आणि तेही रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे फळी वाकते, सांधा सुटतो. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष सावलीत वाळवायचं, मधे काड्या ठेवून वारा खेळू द्यायचा, असा जुना ठोकताळा आहे. जुन्या घराची चौकट पन्नास वर्षं वाळलेली असते. मोडकी खाट, तुटलेलं दार, सामानाची लाकडी पेटी, यांत गरिबाचा साग लपलेला असतो. फक्त रंधा मारण्याआधी जुने खिळे शोधून काढायचे. आणि नवीन लाकूड घ्यायचंच तर परवान्याच्या आरा मशीनवरून, पावती घेऊन.

बाकी खरेदी कामं अडत गेली तशी होत गेली. एक जुना लाकडी रंधा आणि त्याला नवं पातं, ४८०. पाव, अर्धा आणि एक इंचाच्या तीन पटाश्या, ४५०. करवत, ३८०. काटकोन बघायला गुण्या, पोलादी पट्टी आणि कडेला समांतर रेघ ओढायचा खतकस, मिळून ३५०. चिकटवलेले तुकडे दाबून धरायला चार क्लॅम्प, ८८०. धारेचा दगड, २४०. सर्वांत शेवटी विजेचं ड्रिल, १,९००. त्याआधी चष्मा, मास्क आणि अर्थिंगसह नवा बोर्ड, ६५०. यात काटकसर करायची नसते, हे माझा अंगठा रोज सांगतो. ग्राइंडर मी टाकला नाही. आडोसा परत बसवला, दातेरी चकती मोडीत काढली. आता तो फक्त लोखंड घासतो.

अवजारांची नावं हा आमच्या कोठ्यातला रोजचा खेळ आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. त्याआधी आम्ही आणि शेजारचा भंडारा एकाच मध्य प्रांतात होतो. नंतर ते तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, शाळेत हिंदी, असं आमचं चाललंय. काका जिला रुखानी म्हणतात तिला आई पटाशी म्हणायची. ते बसुला म्हणतात, आजी वासला म्हणायची, पुस्तकात वाकस सापडतो. मी भिंतीवर प्रत्येक अवजाराच्या खिळ्याखाली दोन्ही नावं लिहिली आहेत. वस्तू हातात असली की शब्द विसरत नाही.

बाबांचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

तिसऱ्या रविवारी काका दुपारी जायला निघाले तेव्हा बाबा सपरीतच होते. मी काकांना चहाला बसवलं, बाबांच्या समोरच्या खुर्चीवर. इतकी वर्षं "अरे मिस्त्री" अशी हाक मारणारे बाबा अवघडले. काही तरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "शिकतोय का काही?" काका म्हणाले, "शिकतात. पण हिशेब नाही ठेवत. कोणतं अवजार कोठं ठेवलं, पत्ता नाही."

बाबांनी छत्तीस वर्षं शाळेत सामानाच्या नोंदवह्या ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाड वही आणून रेघा मारल्या. अनुक्रमांक, वस्तूचे नाव, खरेदीची तारीख, किंमत, सद्यस्थिती, शेरा. पहिली नोंद ग्राइंडरची. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, "अपघातास कारणीभूत." रंधा मारायला ते आजही तयार नाहीत, पण संध्याकाळी वही घेऊन कोठ्यात येतात आणि भिंतीवरची अवजारं मोजतात.

एकदा मीच विषय काढला. म्हटलं, "बाबा, तुम्ही शिक्षकांच्या प्रशिक्षणात नई तालीम शिकलात ना?" ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या उद्योगातून मुलांना शिकवावं, ही कल्पना गांधीजींनी तिथे मांडली. वर्धा तेव्हा आमच्याच प्रांतात होतं. त्याआधी कितीतरी वर्षं, १८६६ मध्ये, फिनलंडने आपल्या शाळांत हस्तकाम सुरू केलं होतं. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "परीक्षेत त्यावर दहा मार्कांचा प्रश्न होता. मी पूर्ण मार्क मिळवले होते." आणि स्वतःशीच हसले. आई गेल्यानंतर ते असे हसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

आमच्या कारखान्यातली पहिली खरी वस्तू म्हणजे जेवायला बसायचा पाट. आईच्या मोडक्या खाटेच्या फळ्यांतून केलेला. पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या असतात, त्या मी आधी खिळ्यांनी पक्क्या ठोकणार होतो. काकांनी थांबवलं. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन्ही बाजूंनी जखडली तर ती हलायला जागा मागते आणि मिळाली नाही की फुटते. म्हणून पट्टी खाचेत सरकवून बसवतात, जखडत नाहीत. मग त्यावर जवसाचं तेल चोळलं. हे तेल चोळलेली चिंधी चुरगाळून फेकू नका. तेल सुकताना तापतं आणि असा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पाट थोडा डुगडुगतो. बाबा रोज त्यावरच जेवायला बसतात आणि एका पायाखाली कागदाची घडी ठेवतात. नोंदवहीत शेरा आहे, "समाधानकारक."

मुलगा मात्र वर्षभर कोठ्यात आला नाही. मी बोलावलं नाही. फक्त दाराच्या आत चुन्याची एक रेघ मारली आणि घरात सांगितलं, यंत्र चालू असेल तेव्हा रेघेच्या आत माझ्याशिवाय कोणी नाही. हा नियम मी स्वतः काटेकोर पाळतो, हे तो खिडकीतून बघत होता, ते मला नंतर कळलं. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी एका संध्याकाळी तो रेघेवर येऊन उभा राहिला. हातात तोच जुना नंदी होता. एक शिंग मोडलं होतं. विचारलं, "ड्रिल बंद आहे ना?" मी प्लग काढून त्याच्या हातात दिला. मग तो आत आला.

शिंग आम्ही बाभळीच्या तुकड्यातून केलं. कापलं मी, घासलं त्याने, तीन संध्याकाळ, घासपेपराने. बसवताना मी खिळा उचलला तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, आधी भोक."

आधी बारीक भोक पाडलं. मग शिंग बसलं.

सगळा हिशेब बाबांच्या वहीत आहे. काकांचे नऊशे धरून एकूण खर्च ९,९४०. साठ रुपये उरले होते. त्यांचा घासपेपर आला.